नकली रुई आणि डांग्या खोकला

आमच्या प्रयोगशाळेत बटाटे उकडायला ठेवले, की रिपोर्ट न्यायला आलेली माणसं हमखास विचारायची, "बाई, आज भाजी कायची?" अकोल्याच्या त्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून माझी उभी नोकरी गेली. मी सांगायची, "ही भाजी माणसांसाठी नाही, जंतूंसाठी आहे." लोकांना ती थट्टा वाटायची. माझ्या वडिलांनाही वाटायची. आम्ही अमरावतीकडचे माळी, घरी भाजीपाल्याचा मळा. शेजारी कुणी विचारलं तर वडील सांगत, "पोरगी लय शिकली. आता अकोल्याले बटाटे उकडून राहिली."

पण ते खरंच होतं. जंतू कोणता हे ओळखायचं तर तो डोळ्यांना दिसेल इतका वाढवावा लागतो, आणि वाढवायचा तर त्याला आवडीचं खायला घालावं लागतं. बहुतेक जंतू सोशिक असतात. साध्या पेजेवरसुद्धा रात्रीतून बाळसं धरतात. डांग्या खोकल्याचा जंतू मात्र जावयापेक्षा नखरेल. त्याला उकडलेल्या बटाट्याचं पाणी लागतं, त्यात ग्लिसरीन लागतं, आणि वर मेंढीचं ताजं रक्त लागतं. हे सगळं आगर, म्हणजे चायना ग्रास, घालून काचेच्या प्लेटमध्ये ओतायचं, चॉकलेटी लाल रंगाची खरवस वडीच जणू. मेंढी आमच्या मागच्या अंगणात बांधलेली असे. तिचं नाव राणी. आमचे प्रमुख डॉक्टर सावजी सर म्हणायचे, "या प्रयोगशाळेत कामाचं माणूस एकच, आणि ते गवत खातं."

इतके लाड करूनही हा जंतू लवकर तोंड दाखवत नाही. प्लेट उबेच्या पेटीत ठेवायची, ती वाळू नये म्हणून शेजारी पाण्याची वाटी ठेवायची, आणि रोज सकाळी दार उघडून पाहायचं. पहिले काही दिवस काही नाही. मग एखाद्या सकाळी प्लेट उजेडात तिरपी धरली की बारीक, चकचकीत ठिपके दिसतात, पारा सांडल्यासारखे. ते पहिल्यांदा दिसले तेव्हा मी प्लेट हातात धरून सगळ्या खोल्यांतून फिरले होते. आता तेच काम मशीन करतं. नमुन्यात जंतूचा मागमूस असला की दुपारच्या आत उत्तर मिळतं. बटाटे घरीच उकडतात लोक.

नमुना घेणं हे आणखी वेगळं प्रकरण. अगदी सुरुवातीला आम्ही प्लेटच रोग्याच्या तोंडासमोर धरायचो आणि म्हणायचो, "खोक." धारणीकडच्या एका गावात मी अशी प्लेट घेऊन जीपनं गेले होते. ज्या मुलानं रात्रभर आईबापांना झोपू दिलं नव्हतं, तो माझ्या हातातली लाल प्लेट बघून असा गप्प झाला की विचारू नका. आई म्हणते खोक, बाप म्हणतो खोक, सगळं गाव जमून त्याला खोकून दाखवतं आहे, आणि हा माझ्याकडे बघून हसतो आहे. शेवटी माझ्या प्लेटवर गावाचाच खोकला पडला असणार. परतवाड्याच्या एका गृहस्थांनी तर नातवाचा बेडका पेढ्याच्या खोक्यात घालून आणला होता. एवढी लहान मुलं बेडका थुंकत नाहीत, त्यामुळे तो कुणाचा होता हे मी विचारलं नाही.

पुढे आम्ही स्वॅब घ्यायला लागलो. लवचिक तारेच्या टोकाला बोळा गुंडाळायचा, तो निर्जंतुक करायचा आणि नाकपुडीतून सरळ मागे, घशाच्या वरच्या भागापर्यंत न्यायचा. जंतू तिथे चिकटून बसलेला असतो. लोकांना हे बिलकूल पटत नसे. "खोकला गळ्यात, अन् तुमी नाकात काहून तार घालून राहिल्या?" हा प्रश्न मला ज्यानं विचारला नाही असा बाप मी पाहिला नाही.

आता अकोटची गोष्ट सांगते.

ती वर्षं वऱ्हाडाला वाईट गेली. कापूस हातात येईना, आला तर भाव मिळेना. अकोटच्या जिनिंगमध्ये, कापसातून सरकी काढायच्या कारखान्यांत, हंगाम लवकर आटपायला लागला होता. अशाच एका हिवाळ्यात तिथले डॉक्टर ताथोड यांचे स्वॅब आमच्याकडे यायला लागले. बाजाराच्या मागच्या मोहल्ल्यात लहान मुलं खोकत होती. एका दमात खोकत राहायची, चेहरा लाल व्हायचा, शेवटी श्वास ओढताना हूप असा आवाज यायचा आणि मग उलटी. ताथोडांना डांग्याचा संशय होता. आम्ही बटाटे उकडले, प्लेटा केल्या, रोज पेटी उघडून पाहिली. एकही ठिपका नाही. आम्ही लिहून पाठवलं, "जंतू वाढला नाही." यात खोटं काही नव्हतं. पण अकोटमध्ये त्याचा अर्थ झाला, डांग्या नाही. मग उरलं काय? उरला कापूस. गावभर रुईचं भुरं उडतं, तेच पोरांच्या छातीत जातं, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. त्या रिपोर्टांची मला आजही चुटपुट लागते.

मग ताथोडांचा सरांना फोन आला. मोहल्ल्यातल्या हबीबचाचा पिंजाऱ्याची मुलगी नसीम पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. मुलगी झाली, सना. चिल्ला, म्हणजे बाळंतिणीचे घरातले चाळीस दिवस, सरत आला आणि बाळ खोकायला लागलं. इतक्या लहान बाळाला हूप करायचंही बळ नसतं. ते खोकतं, श्वास थांबतो आणि निळं पडतं. ताथोडांनी तिला आपल्या दवाखान्यात ऑक्सिजनजवळ ठेवून घेतलं होतं. "पण सासरचे लोक शुक्रवारी जीप घेऊन येणार आहेत," ते म्हणाले. "सगळे म्हणतात, पिंजाऱ्याच्या घरातलं भुरं बाधलं, बाळाला परतवाड्याला न्या. तिथे तिच्या जावेचं बाळ पंधरा दिवसांचं आहे. हा डांग्या असला तर एका आजारी बाळाची दोन होतील. मी सांगून पाहिलं. ते तुमचेच रिपोर्ट माझ्या तोंडावर टाकतात."

सावजी सरांनी फोन ठेवला आणि लगेच नागपूरला आपल्या जुन्या गुरुजींना लावला. मी समोरच उभी होते. गुरुजींचा आवाज एवढा मोठा, की मला शब्दन्‌शब्द ऐकू आला.

"स्वॅबला काय लावता?"

"कापूस, सर. चांगला धुतलेला."

"अरे, कापसात तेलाचा अंश असतो. कितीही धुवा, थोडा राहतोच, आणि हा जंतू तेवढ्यानं मरतो. पॉलिस्टर लावा. वऱ्हाडात राहता म्हणून प्रत्येक गोष्टीला कापूसच लावायचा का?"

सरांनी रिसीव्हर ठेवला. आम्ही दोघं कपाटातल्या कापसाच्या गुंडाळीकडे बघत राहिलो. जखमेला कापूस, वातीला कापूस, कानात कापूस, उशाशी कापूस. आमच्याकडे कापसावर कुणी संशय घेत नाही. नमुना घ्यायला घेतलेला बोळाच वाटेत जंतूला मारत होता, आणि आम्ही मेलेल्याला रोज खाऊ घालून त्याची वाट पाहत होतो. सर एवढंच म्हणाले, "भोजने बाई, तुम्ही स्वतःच जा. प्लेटा घेऊन जा, तिथेच स्वॅब घ्या आणि तिथेच लावा."

मुंबईहून तयार स्वॅब मागवायला वेळ नव्हता. तारा, काचेच्या नळ्या आणि प्लेटा घेऊन मी सकाळच्या एसटीनं निघाले. अकोल्याची दुकानं अजून उघडायची होती, म्हणून पॉलिस्टर अकोटलाच घेऊ असं ठरवलं. स्टँडवर उतरून चौकशी केली. हल्ली स्वस्तातल्या उशांत भरतात तो पांढरा फसफसता पॉलिस्टर कुठे मिळेल? पानवाला म्हणाला, "एकच दुकान हाय. हबीबचाचा पिंजारी."

दुकान दवाखान्याच्या समोरच होतं. हबीबचाचा साठीचे, भुवयांवर रुईचे तंतू, खांद्यावर चौकडीचा रुमाल. भिंतीवर पिंजायची धनुकली टांगलेली आणि खाली मशीन. मशीन त्या दिवशी बंद होतं. मी कोण, कशाला आले ते सांगितलं आणि पॉलिस्टर मागितला.

"कापूस घ्या ना. असा कापूस अकोल्यात नाई भेटत."

"चाचा, या कामाला कापूस चालत नाही."

"कापूस चालत नाई?" ते उठून उभेच राहिले. "बाई, कोठी बसून बोलून राहिल्या तुमी? हे अकोट हाय!"

"हा जंतू कापसाला लागला की मरतो. मेला की मला ओळखता येत नाही."

"मंग मरू द्या ना त्याले! चांगलंच हाय! पोट्टीच्या नाकात द्या थोडा कापूस कोंबून!"

खरं सांगते, इतका सरळ सवाल मला कुठल्या परीक्षेतही कुणी विचारला नव्हता. बोळ्यावरचा जंतू मरतो, घशातला मरत नाही, हे समजावताना मला घाम फुटला. चाचांनी कोपऱ्यातलं एक पोतं ओढलं आणि दोन बोटांच्या चिमटीत, तोंड वाकडं करून, पॉलिस्टरचा पुंजका बाहेर काढला. "घ्या. नकली रुई. इतकी उमर झाली, मी हिले हात लावत नव्हतो. आता नवी गादी कोनी भरून नेत नाई, लगन साधे होऊन राहिले. लोकं हे फुसकी उशी मांगतात, म्हून ठेवली. अन् आता तुमी मनता हेच कामाची." बोलता बोलता त्यांना खोकल्याची उबळ आली. डोळ्यांत पाणी येईतो खोकले. मी पाहिलं तर हात हलवून म्हणाले, "हे काई नाई. जनमभराची रुई हाय पोटात. दोन हप्ते झाले, थोडी जास्त बोलून राहिली."

दवाखान्यात बसून मी तो पुंजका साबणानं धुतला, तारांवर गुंडाळला, नळ्यांत घातला आणि ताथोडांच्या ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेच्या मोठ्या कुकरमध्ये, शिजवून काढला. स्वॅब तयार झाले. आत खाटेवर नसीम सनाला छातीशी धरून बसलेली. विशीची असेल नसेल. माझ्या हातातली तार पाहिली आणि तिनं बाळ ओढणीत लपवलं. "नहीं. इतनी लंबी? नहीं अब्बा, मैं नहीं देती."

ताथोडांनी समजावलं, मी समजावलं. ती भिंतीकडे तोंड करून बसली. तेव्हा चाचा पुढे आले आणि स्टुलावर बसून मान मागे टाकली. "बाई, पहिले माह्या नाकात घाला. पोरगी पायते मंग."

मी त्यांच्या नाकातून स्वॅब घेतला. सणकून शिंक दाटली असेल, पण त्यांनी पापणीही हलवली नाही. वर हसून लेकीला म्हणाले, "देख बेटी, कुछ नहीं. मच्छर काटता उतना बी नहीं." नसीमनं ओढणी बाजूला केली. सनाचा स्वॅब घेताना बाळ खोकायला लागलं, ओठ निळे झाले, ताथोडांनी ऑक्सिजनची नळी जवळ धरली, पाठ चोळली, आणि किती वेळानं कोण जाणे, तिनं श्वास घेतला. मी तिचा स्वॅब प्लेटवर फिरवला. चाचांचा स्वॅब नळीत तसाच होता. घेतलाच आहे, प्लेट शिल्लक आहे, टाकून कशाला द्यायचा म्हणून तोही दुसऱ्या प्लेटवर फिरवला. नमुना घेऊन झाल्यावर ताथोडांनी बाळाला औषध सुरू केलं.

निघताना मी चाचांना म्हटलं, "प्लेटीचं उत्तर येईपर्यंत बाळाला परतवाड्याला पाठवू नका."

त्यांनी रुमालानं तोंड पुसलं. "बाई, मी मशीन बंद ठेवलं. दुकान झाडून घेतलं. सगळे मनतात, तुह्या धंद्यानं नात मारून राहिला. मलेबी तसंच वाटते. तिले अठून नेलं त बरी होईल, असं माह्यं मन मनते. अन् तुमी मनता थांबवा." मग म्हणाले, "तुमच्या जबानीवर थांबवतो. पन थांबवलं अन् पोट्टीले काई झालं त?"

मी "येते" म्हणून एसटीत बसले आणि प्लेटांचा डबा मांडीवर घेऊन अकोल्यापर्यंत खिडकीबाहेर बघत आले. मला मनापासून भीती वाटत होती. माझं म्हणणं चुकीचं निघालं तर त्या माणसाला मी कोणतं तोंड दाखवणार होते?

नंतरचे दिवस मी पेटीच्या दाराशीच होते म्हणा ना. सर चिडवायचे, "बाई, अंडी उबवताय का?" बाळ तसंच आहे, असं ताथोड रोज फोनवर सांगत. शुक्रवारी सकाळी मी सनाची प्लेट उजेडात तिरपी धरली. पारा सांडला होता. काचेवर थेंब घेऊन रंगवलं, सूक्ष्मदर्शकाखाली बारीक गुलाबी कांड्या दिसल्या. सरांनी ओळख पटवायच्या सीरमचा थेंब टाकला, आणि दुधात लिंबू पडावं तशा गुठळ्या झाल्या. सरांनी तिथूनच अकोटला फोन लावला. "ताथोड, डांग्याच आहे. जीप थांबवा."

मी प्लेट ठेवायला पेटीकडे गेले, आणि खरं तर विसरलेलीच दुसरी प्लेट बाहेर काढली. तीही तिरपी धरली. तिच्यावरही ठिपके होते.

सरांनी तीही तपासली. मग फोनकडे हात नेला आणि मागे घेतला. "हे फोनवर सांगण्यासारखं नाही," ते म्हणाले. मी परत अकोटची एसटी धरली.

दवाखान्यासमोर परतवाड्याची जीप उभी होती, पण रिकामी. आत सासरची मंडळी बाकावर बसलेली, रागावलेली कमी आणि घाबरलेली जास्त. ताथोडांनी त्यांना डांग्या म्हणजे काय, तो एकापासून दुसऱ्याला कसा लागतो, जावेच्या बाळाला कसा लागला असता ते सगळं सांगितलं होतं. सासरे मला हात जोडून म्हणाले, "बाई, तुमी आमचं दुसरं लेकरू वाचवलं." सनाला औषध लागू पडत होतं. पुढे कित्येक आठवडे ती खोकली, पण जगली, हे इथेच सांगून टाकते. ताथोडांनी मोहल्ल्यातल्या सगळ्या घरांना औषध दिलं, आणि त्यानंतर आमच्याकडे कापसाचा स्वॅब कुणी केला नाही.

पण त्या दुपारी मी दारातून आत शिरले तेव्हा हबीबचाचा खाटेवर बसलेले होते. सना त्यांच्या मांडीवर गाढ झोपलेली. मला पाहून त्यांचा चेहरा असा उजळला, की माझं पाऊल तिथेच अडखळलं.

"या बाई, या! ऐकलं का सगळ्यायनं? रुई नाई! इतके दिवस माह्या रुईले शिव्या देऊन राहिले होते. मीबी देत होतो. रुईनं काई नाई केलं!" त्यांनी सासऱ्यांकडे, बाहेरच्या दोघा-तिघांकडे, मशीन बंद ठेवलेल्या आपल्या दुकानाकडे हात केला. "रातभर हिले मांडीवर घेऊन बसतो अन् अल्लाले मनतो, माह्या धंद्याची सजा हिले काहून? आता छाती हलकी झाली. उद्या मशीन चालू करतो." हसता हसता खोकला आला, तो त्यांनी बाळाच्या डोक्यावरून तोंड फिरवून दाबला. मग सहज विचारलं, "पन बाई, हा जंतू आला कोठून? मांगच्या गल्लीतले पोट्टे त आमच्या घरी येतच नाई. नसीम चिल्ल्यात बाहीर गेली नाई. मंग हिच्यापाशी आला कोन?"

मी ताथोडांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

"चाचा," मी म्हटलं, "त्या दिवशी नसीमला दाखवायला तुम्ही आधी तुमच्या नाकातून स्वॅब घ्यायला लावला होता ना..."

"हो."

"ती प्लेट मी फेकली नव्हती."

ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांना कळलं, हे मला दिसलं. पोटातली रुई म्हणून ज्या खोकल्याकडे ना त्यांनी लक्ष दिलं ना घरच्यांनी, तोच खोकला रात्र रात्र त्या बाळावर वाकून बसला होता. मला रडू येत होतं. मी काहीतरी बोलले, की चाचा, यात तुमचा दोष नाही, मोठ्या माणसाला हा साध्या खोकल्यासारखाच वाटतो, औषध आहे, थोड्या दिवसांत तुमच्यापासून कुणाला धोका राहणार नाही. त्यांनी ते ऐकलं की नाही मला माहीत नाही. त्यांनी खांद्यावरचा रुमाल घेऊन नाकातोंडावर घट्ट बांधला. बाळ जागं होऊ नये इतक्या हळू सनाला उचललं आणि नसीमच्या कुशीत दिलं. मग पाठ न वळवता, तिच्याकडे बघत, एकेक पाऊल मागे सरकत दारापर्यंत गेले, दाराबाहेर ओट्यावर गेले, ओटा उतरून रस्त्यावर उभे राहिले.

तिथून त्यांनी मला हाक मारली. रुमालामुळे आवाज दबका येत होता.

"बाई, अठून पाह्यलं त चालते का? का अजून मांगं होऊ?"